दोन हजारांच्या खाली ट्रॅक्टर जोडायचा नाही

चांदवड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, ऑगस्ट २०२५ चं. नाव-गाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पत्र थोडं कापून देते:

"आमची सहा एकर जमीन. एप्रिलअखेर अडीचशे क्विंटल उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर जागेत) भरला. मे महिन्यात क्विंटलला तेराशेचा भाव होता तेव्हा मी म्हटलं, निम्मा तरी काढून टाकू. सासरे (आम्ही बापू म्हणतो) म्हणाले, 'गेल्या साली बेचाळीसशेनं दिलाय. आता तेराशेनं द्यायला डोकं फिरलंय का?' आता ऑगस्ट अर्धा संपला, भाव चौदाशे. बापूंचं एकच, दोन हजारांच्या खाली ट्रॅक्टर जोडायचा नाही. चाळीला खालून पाणी सुटायला लागलंय, वास येतो. मक्याच्या खताला आणि लाल कांद्याच्या लागणीला पैसे हवे होते, तर माझे दागिने पतसंस्थेत ठेवून दीड लाख उचलले, महिना एक टक्क्यानं. मिस्टर मध्ये बोलत नाहीत. मी बी.कॉम. आहे, पण सुनेचा हिशेब घरात कोण ऐकणार? बापू काही अडाणी नाहीत, सोसायटीचे माजी संचालक आहेत. मग शहाणा माणूस असं का वागतो? आणि मी काय करू?"

ताई,

आधी हिशेब, कारण तो तुम्हाला येतो आणि पत्रावरून वाटतं की तुम्ही तो अर्ध्यावर सोडलाय.

मे महिन्यात अडीचशे क्विंटल तेराशेनं गेले असते तर सव्वातीन लाख आले असते. आज भाव चौदाशे आहे, पण चाळीत अडीचशे क्विंटल राहिलेत कुठे? चार-सहा महिन्यांत उन्हाळ कांद्याची घट आणि सड मिळून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाते, हे तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. आधी नुसतं वजन उतरतं, पावसाची हवा लागली की सड आणि काजळी (काळी बुरशी), मग कोंब. आज विकण्याजोगा माल दोनशे दहा क्विंटल निघेल असं मी धरते. त्याचे चौदाशेनं होतात दोन लाख चौऱ्याण्णव हजार. भाव शंभरानं चढला आणि घरात येणारी रक्कम एकतीस हजारांनी उतरली.

आता बापूंचे दोन हजार घ्या. समजा, ऑक्टोबरअखेर ते खरंच मिळाले. तोवर माल एकशे पासष्ट क्विंटलांवर आलेला असेल. त्याचे झाले तीन लाख तीस हजार. त्यातून दागिन्यांवरच्या कर्जाचं अडीच महिन्यांचं व्याज, पावणेचार हजार, वजा करा. उरतात सव्वातीन लाख आणि वर हजार-बाराशे. म्हणजे बापूंचा शब्द न् शब्द खरा ठरला, तरी हाती पडणार मे महिन्यात मिळाले असते तेवढेच. आणि आजच्या चौदाशेची नुसती बरोबरी करायची तरी ऑक्टोबरात अठराशेचा भाव लागेल. पुन्हा निवडायची मजुरी मी धरलेलीच नाही.

हे सगळं माझ्या अंदाजाच्या घटीवर उभं आहे. तुमच्या चाळीची घट वेगळी असेल, म्हणून ती मोजा. चाळीच्या दोन्ही टोकांकडून आणि मधून एकेक क्रेट काढा. वरचा थर नको, तो नेहमीच चांगला दिसतो. आत हात घालून काढा. निवडून तीन ढीग करा: बाजारात उभा राहील तो, कोंबाचा नि डागी, आणि टाकायचा. तिन्ही वजन करून कागदावर लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच करा. तुम्हाला बापूंशी बोलायचं आहे ना, तर हा कागद लागेल. तोंडी "सडतोय, सडतोय" हे त्यांनी चाळीस वर्षं ऐकलेलं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, शहाणा माणूस असं का वागतो.

डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक निबंध लिहिला. पुढे २००२ साली कानेमान यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते मुख्यतः याच कामासाठी. ट्वर्स्की तोवर हयात नव्हते. त्या निबंधासाठी दोघांनी लोकांना एक साधा प्रश्न घातला होता. एक तर तीन हजारांचं नक्की नुकसान सोसा, नाहीतर असा डाव घ्या की शंभरात ऐंशी वेळा चार हजार जातील आणि वीस वेळा काहीच जाणार नाही. आकडेमोड केली तर डाव महाग आहे, सरासरीनं बत्तीसशेला पडतो. तरी ९२ टक्के लोकांनी डाव घेतला. मग तेच आकडे फायद्याचे करून विचारले: तीन हजार नक्की, की ऐंशी टक्के शक्यतेनं चार हजार? आता ८० टक्के लोकांनी मुकाट तीन हजार उचलले. माणसं तीच होती, फक्त तोट्याच्या बाजूला उभं केल्यावर जुगारी झाली.

बापू कुठे उभे आहेत ते बघा. त्यांची खूण बेचाळीसशेवर ठोकलेली आहे. २०२४ च्या सप्टेंबरात लासलगावला कांदा चार हजारांच्या वर गेला होता, तो भाव त्यांनी स्वतः घेतलाय, पट्टी (विक्रीची पावती) घरात असेल. त्या खुणेवरून पाहिलं तर चौदाशे म्हणजे अठ्ठावीसशेचा तोटा. आज ट्रॅक्टर जोडला की तो तोटा पक्का झाला, बाजार समितीचा शिक्का बसला. चाळीत आहे तोवर तो "अजून झालेला नाही". दररोज थोडं वजन उतरतंय, पण त्याची पावती कुणी देत नाही. लिलावातला तोटा मात्र चारचौघांत, आवाज चढवून जाहीर होतो.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे वाचून शेतकऱ्याची कीव येत असेल तर त्यांनी आपलं डीमॅट खातं उघडावं. टेरन्स ओडीन या अभ्यासकानं अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासली, १९८७ ते १९९३ या काळातली. लोक वाढलेले शेअर भराभर विकत होते आणि पडलेले कुरवाळत बसले होते. जे विकले त्यांनी पुढच्या वर्षभरात, जपून ठेवलेल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त परतावा दिला. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा आयपीओ साडेचारशे रुपयांनी आला, किरकोळ गुंतवणूकदारांना वीस रुपये सवलत. "माझी किंमत आली की काढीन" म्हणत तो अजून सांभाळणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्यांचा माल निदान सडत नाही, वास सुटत नाही, एवढाच फरक.

दोन हजार हा आकडा कुठून आला, हे बापूंना एकदा विचाराच, पण वाद म्हणून नको, खरंच माहिती म्हणून. माझा अंदाज, बियाणं-रोप, लागण, खत, औषध, काढणी, चाळ भरायची मजुरी असा खर्च धरून तो क्विंटलमागे पंधराशे-सोळाशेच्या घरात जात असेल आणि त्यावर "काहीतरी सुटायला हवं" म्हणून दोन हजार. खर्चाएवढा भाव मिळावा ही मागणी शंभर टक्के रास्त आहे, मोर्चात ती लावून धरा. पण चाळीतला कांदा कधी काढायचा, या प्रश्नात त्या खर्चाला जागा नाही. खर्च होऊन गेला. आज विकला तरी तो तेवढाच, दिवाळीला विकला तरी तेवढाच. त्याचा उपयोग येत्या डिसेंबर-जानेवारीत, उन्हाळ कांदा किती एकर लावायचा हे ठरवताना करायचा.

एक गोष्ट मात्र बापूंच्या बाजूनं बोलायलाच हवी, नाहीतर हे उत्तर शहरात बसून लिहिलेलं ठरेल. कांद्याचा भाव फक्त आवकेवर ठरत नाही, दिल्लीच्या एका अधिसूचनेवरही ठरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उघडली पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि चाळीस टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली नि शुल्क वीस टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण उठलं. दोन वर्षांत एवढ्या वेळा खेळाचे नियम बदलले तर खेळणारा "थांबून बघू" असंच शिकणार. त्यात मधूनच एखाद्या वर्षी भाव असा फुटतो की तीन वर्षांची उधारी फिटते. असं बक्षीस कधीतरीच, बेभरवशाचं मिळतं तेव्हा माणूस जास्त चिवटपणे वाट बघतो. रोज ठरावीक मिळालं असतं तर इतकी बघितली नसती. शेतकऱ्याला हावरा म्हणणाऱ्यांनी ही तारखांची यादी आधी वाचावी.

आणि ताई, जरा तुमच्याकडेही वळते. "मी मे महिन्यातच म्हटलं होतं" हे पत्रात तीनदा आलंय (दोन मी कापले). समजा हाच सल्ला तुम्ही २०२४ च्या मे महिन्यात दिला असता आणि बापूंनी ऐकला असता. सप्टेंबरात चार हजारांचा भाव बघून घरात तुमचं काय झालं असतं? तुमचा या सालचा सल्ला चांगला होता, पण तो चांगला होता याचं कारण भाव पडून राहिला हे नव्हे. निम्मा काढून निम्मा ठेवायचा, घट धरून हिशेब करायचा, ही पद्धत चांगली होती. पुढचा भाव तुम्हालाही ठाऊक नव्हता, बापूंनाही नव्हता. निकाल लागल्यावर आपल्याला सगळं आधीच दिसत होतं असं वाटतं, ही सवय सगळ्यांनाच असते, बी.कॉम. झालेल्यांना तर भरपूर. बापूंना ती जाणवत असणार, म्हणून ते अधिकच अडून बसतात.

मला तुमच्या पत्रातली दागिन्यांची ओळ जास्त बोचली. रिचर्ड थेलर, २०१७ चे नोबेलचे मानकरी, यांनी याला 'मनातली खाती' म्हणावं असं नाव दिलंय. आपण पैशांना वेगवेगळ्या डब्यांत घालतो आणि एका डब्यातून दुसऱ्यात हलवायला धजावत नाही. तुमच्या घरात कांदा हा "भाव आल्यावर"चा डबा आहे, आणि सोनं हा "अडीनडीला"चा. अडचण आली, डबा उघडला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण दोन्ही एकत्र मांडा: घरानं महिना पंधराशे रुपये व्याज भरून कांदा धरून ठेवलाय, म्हणजे उसन्या पैशांवर कांद्याची साठेबाजी चालू आहे. कांद्याच्या व्यापाऱ्याला कुणी एक टक्का महिन्यानं पैसे दिले तर तोही आधी दहा वेळा विचार करेल. शिवाय तारण तुमचं आहे आणि विकायचा-ठेवायचा निर्णय मात्र तुमचा नाही. यात मानसशास्त्र फारसं नाही, घरातला मानपान आहे. तो या सदराच्या आवाक्याबाहेर, पण तुम्ही तो विषय काढायला पूर्ण हक्कदार आहात. माझ्या मते तोच आधी काढा.

आता करायचं काय.

"बापू, विका" असं म्हणू नका. बापूंना हा प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका: "बापू, चाळ रिकामी असती आणि हातात रोख तीन लाख असते, तर आज चौदाशेनं कांदा विकत घेऊन चाळीत भरला असता का?" कुणीही शेतकरी, ऑगस्टमध्ये, एप्रिलचा काढलेला कांदा घेऊन साठवणार नाही. आणि न विकणं म्हणजे दर सकाळी तेच करणं आहे. हे तुम्ही बोलून दाखवलंत तर वाद होईल. विचारून सोडून द्या, दोन दिवसांनी तेच बोलतील.

वेळही बघा. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, तोडणीआधी पैशांची ओढाताण असताना आणि तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर, अशा दोन वेळा त्यांना बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधीचे गुण स्पष्टपणे कमी. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते. तेव्हा ज्या दिवशी पतसंस्थेचा फोन आला, किंवा खतवाला दारात येऊन गेला, त्या दिवशी हा विषय नको. व्हॉट्सअ‍ॅपवर भाव येतात त्या संध्याकाळीही नको. ग्रुपवर फिरतो तो "जास्तीत जास्त" भाव, एखाद्या निवडक ट्रॉलीला मिळालेला. बाजार समिती रोज तीन आकडे देते, किमान, कमाल आणि सरासरी. तुमच्या मालाला साधारण सरासरीच मिळणार, आणि आता डाग लागल्यावर तीही नाही. पारावर मात्र सगळ्यांचा कांदा कमाल भावानंच गेलेला असतो.

बापूंची खरी भीती वेगळीच असणार. आज विकला आणि पंधरा दिवसांनी भाव फुटला तर? न विकून झालेलं नुकसान नशिबावर घालता येतं, विकून झालेलं स्वतःच्या अंगावर येतं. गावात "घाई केली" हे वाक्य वर्षभर ऐकावं लागतं. या भीतीवर हिशेबाचा उतारा चालत नाही. एकच निर्णय कुणा एकाच्या माथी येऊ नये, अशी सोय करावी लागते. म्हणून माल एकदम काढायचा नाही आणि एकदम ठेवायचाही नाही.

पहिले एकशेदहा-पंधरा क्विंटल, म्हणजे चार-पाच ट्रॉल्या, या आठवड्यापासून काढायला लागा. चौदाशेच्या भावानं हमाली-तोलाई-भाडं जाऊन दीड लाख उभे राहतात, त्यातून दागिने सोडवा. "भाव कमी असताना विकला" असं याला घरात म्हणू नका. "दागिने सोडवले" म्हणा, आणि ते खरंच आहे. ज्या बाजूला पाणी सुटलंय ती बाजू आधी. नवऱ्याला यात घ्या, ट्रॅक्टर तेच जोडणार आहेत. मध्ये न बोलणाऱ्या माणसाला काम दिलं की तो बाजू घेतो.

पुढचे पंचेचाळीस-पन्नास क्विंटल तारीख ठरवून, भाव न बघता. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोन ट्रॉल्या. भाव चौदाशे असो, बाराशे असो, अठराशे असो. तारीख बापूंनाच ठरवू द्या. कागदावर त्यांच्या हातानं लिहिली तर उत्तम, संचालक राहिलेला माणूस आपल्या सहीला जागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कर्नाटकचा नवा कांदा, मग राजस्थानातला अलवरचा, मग आपलाच लाल, आणि सरकारनं राखून ठेवलेला बफर साठा कधी बाजारात उतरेल ते सरकारलाच ठाऊक. दक्षिणेत पाऊस झोडपला तर भाव चढेलही. पण कोणत्या बाजूला जाईल हे ओळखायची पैज आपल्याला लावायचीच नाहीये.

पुढच्या एप्रिलसाठी एक. केनियात एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या शेतकऱ्यांवर एक प्रयोग केला होता. खत घ्यायची इच्छा सगळ्यांची, पण लागणीच्या वेळी पैसा उरत नसे. पीक विकलं गेल्या-गेल्या, पैसा हातात असतानाच, "आत्ताच पैसे भरा, खत घरपोच फुकट" असं सांगितल्यावर खताचा वापर चांगलाच वाढला. तुम्हीही चाळ भरतानाच ठरवा: किती टक्के कोणत्या महिन्यात निघणार आणि खरिपाच्या खर्चाचा हिस्सा चाळीत जाण्याआधीच विकला जाणार. तेव्हा बेचाळीसशेची आठवण आणखी एक वर्ष जुनी झालेली असेल. यंदाच्या पट्ट्या जपून ठेवा, चौदाशेची सुद्धा, आणि गेल्या सालच्या पट्टीच्या वर लावा.

राहिले शेवटचे पन्नास क्विंटल. ते बापूंचे. चाळीच्या कोरड्या, वारा खेळत्या टोकाचा सगळ्यात टणक माल त्यांना द्या आणि दोन हजारांची वाट बघू द्या, तीन हजारांची बघायची असेल तर तीही. त्या पन्नास क्विंटलांबद्दल घरात कुणी एक शब्द काढायचा नाही, भाव फुटला तरी आणि माल सडला तरी. तुम्हीही नाही.